आकडे नसलेलं बदक

"हे बघा, हे कसं छान आहे," असं म्हणून मी एक पांढराशुभ्र, गोल टायमर सासूबाईंच्या पुढ्यात सरकवला. "आकडे केवढाले आहेत. चष्मा सापडला नाही तरी दिसतील."

सासूबाईंनी तो डाव्या हाताच्या एका बोटानं परत माझ्याकडे सरकवला.

"नको."

मगदूमांच्या भांड्यांच्या दुकानात आम्ही बराच वेळ उभे होतो. म्हणजे मी उभा होतो. सासूबाईंना मगदूमांनी आतून स्टूल आणून दिलं होतं. काउंटरवर स्वयंपाकघरातल्या चावीच्या टायमरांची पंगत बसली होती. टोमॅटो, लिंबू, अंडं, किटली, एक हिरवा बेडूक आणि एक रागीट कोंबडी. वरचा भाग पिळून हव्या त्या आकड्यावर आणायचा आणि सोडून द्यायचा. मग तो टिकटिक करत मागं येतो आणि जागेवर पोचला की घंटा वाजते. ना सेल, ना वायर. मगदूमांच्या मुलानं हौसेनं मुंबईच्या बाजारातून हा माल आणला होता आणि मिरजेत तो कुणी घेत नव्हतं.

सासूबाई एकेक उचलत होत्या. उजवा हात अजून पुरता वळत नव्हता, तरी मुद्दाम त्याच हातानं पिळून बघत होत्या. अंडं हातातून निसटलं. टोमॅटो पिळला गेला, पण त्याच्यावरच्या आकड्यांकडे नजर जाताच त्यांनी तो खाली ठेवला. लिंबाचं तेच, बेडकाचं तेच.

"काकू, कोंबडी बघा की," मगदूम म्हणाले. "धरायला तुरा हाय."

कोंबडी पिळली. तुऱ्याची पकड त्यांना पसंत पडल्यासारखी वाटली. मग त्यांनी कोंबडीच्या पोटाखालची आकड्यांची ओळ पाहिली आणि तोंड फिरवलं. ते फिरवलेलं तोंड काउंटरमागच्या खालच्या फळीकडे वळलं आणि तिथंच थांबलं. तिथं एका उघड्या खोक्यात एक पिवळंधम्मक बदक बसलं होतं.

"हे."

"ते नगा घेऊ काकू. ते परत जायचंय. छापताना राहिलंय बघा, खालच्या तबकडीवर आकडेच उमटलेले न्हाईत."

सासूबाईंनी हात पुढे केला. मगदूमांनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले, आणि बदक काउंटरवर आलं. बदक चालत होतं, वाजतही होतं. फक्त खालची पांढरी तबकडी कोरी होती. घंटेच्या जागी तेवढी एक खाच. सासूबाईंनी चोच धरून ते पिळलं, कानाला लावलं, मग तबकडीवरून हळूच बोट फिरवलं. दवाखान्यातून घरी आल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पाहिलं नव्हतं.

"सासूबाई, याच्यावर आकडे नाहीत. किती मिनिटं लावली ते कळणार कसं?"

"हे."

"असंच दुसरं आकड्यांचं मागवून घेऊ. मगदूम मागवतील."

"हे, राव."

हे 'राव' माझंच नाव होतं. माझं नाव अरविंद. लग्न झाल्यापासून त्या मला अरविंदराव म्हणत. त्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि वाचेची जी पडझड झाली तीत 'अरविंद' वाहून गेला, नुसता 'राव' उरला. वृंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नावच गेलं होतं, तेव्हा माझ्या वाट्याला निम्मं आलं यात मला धन्यताच होती. उरलेल्या शब्दांत 'नको', 'हे' आणि 'तू' एवढेच खणखणीत होते. बाकीचे कधी यायचे, कधी यायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, कुणाचं काय जाईल आणि कुणाचं काय राहील याचा नेम नसतो. ऐकलेलं सगळं मात्र त्यांना कळत होतं.

आता हा टायमर कशासाठी, ते सांगायला हवं.

सासूबाई मिरजेच्या सराफ गल्लीत एकट्या राहत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही सांगलीत, आणि वृंदाचा भाऊ श्रीरंग पुण्यात. आजारपणानंतर आम्ही आळीपाळीनं त्यांच्याजवळ राहत होतो. चालायला लागल्या तशा त्या थेट ओट्यापाशी गेल्या. पहिल्या दिवशी भात करपला. भात त्या पातेल्यातच करत. कुकरशी त्यांचं कधी पटलं नाही. दुसऱ्या दिवशीही करपला. मग श्रीरंगनं नवा कुकर आणला, तीन शिट्ट्यांनी बंद करायचा म्हणून बजावून सांगितलं आणि बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत बसला. कुकर शिट्ट्यांमागून शिट्ट्या देत सुटला. सासूबाई समोर उभ्या होत्या. त्यांना ऐकू येत होतं, त्या प्रत्येक शिट्टीला दचकत होत्या, पण बंद काही केला नाही. पाणी संपलं, रबर जळलं, घरभर धूर झाला. श्रीरंगनं धावत जाऊन गॅस बंद केला आणि मग ओट्याला टेकून बराच वेळ नुसता उभा राहिला. घाबरला होता तो. मी त्याला दोष देत नाही, मीही घाबरलो असतो.

"आईला आता कळत नाही," तो वृंदाला म्हणाला. "मी तिला पुण्याला नेतो. घराला कुलूप."

सासूबाईंनी हे ऐकलं आणि दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. उजव्या हाताला इतकी पकड येते हे त्या दिवशीच आम्हाला कळलं. "नको" असं त्या इतक्यांदा म्हणाल्या की शेवटी श्रीरंगचेच डोळे भरले. वृंदानं मध्ये पडून तोडगा काढला: आईला थोडे दिवस द्यायचे. पुढच्या रविवारी श्रीरंग आणि कल्याणी, त्याची बायको, जेवायला येतील. आईनं एकटीनं स्वयंपाक करायचा. नीट झाला तर ती इथंच राहील. नाही झाला तर त्याच दिवशी गाडीतून पुण्याला.

वृंदाच्या शाळेत परीक्षा, आणि तिच्या रजा दवाखान्यातच संपलेल्या. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा माणूस; माझ्या रजा साठून राहिलेल्या. तेव्हा रविवारपर्यंत सासूबाईंपाशी जावई राहिला. टायमरची सूचना वृंदाची. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मिळाला का टायमर? आकडे मोठे आहेत ना?"

"आकडे नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"बदक आहे. पिवळं. त्याच्यावर आकडेच नाहीत."

"अहो, तुम्हाला बरोबर पाठवलं होतं ना मी? मग असलं कसं आलं घरात?"

"तुझ्या आईला विचार."

"ती काय म्हणते?"

"'हे' म्हणते."

वृंदा हळूच म्हणाली, "श्रीरंग म्हणतो ते खरं असेल का हो? खेळणं म्हणून घेतलं असेल का तिनं?" मलाही तेच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला समोर बसवलं आणि कपाळाच्या मधोमध बोट टेकवलं. मी बाम आणून दिला. "नको." डोकेदुखीची गोळी काढली. "नको." त्या उठल्या, मला हाताला धरून भिंतीवरच्या फोटोपाशी नेलं आणि फोटोतल्या वृंदाच्या कपाळावर बोट ठेवलं. टिकलीवर.

मी चरकलो. सासऱ्यांच्या माघारी सासूबाईंनी कपाळ मोकळंच ठेवलं होतं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. आणि आता एवढ्या आजारातून उठून त्यांना टिकली लावावीशी वाटत होती. मी म्हटलं, लावू दे. ज्या बाईचं बोलणं गेलं, हात गेला, आता घरही जायची पाळी आली, तिनं टिकली लावली तर कुणाच्या बापाचं काय जातं? गल्लीतलं कुणी काही बोललंच तर मी बघून घेईन. अशी मनाची तयारी करून मी कटलरीच्या दुकानात गेलो आणि त्यांच्या वयाला शोभेल असं काळ्या, बारीक टिकल्यांचं पाकीट घेऊन आलो.

"नको."

मग त्यांनी आतून साड्या काढल्या. लाल काठावर बोट ठेवलं, हिरव्यावर ठेवलं, निळ्यावर, पिवळ्यावर. मी पुन्हा दुकानात. या वेळी मात्र मनाची तयारी थोडी कमी पडली. रंगीबेरंगी पाकीट मागताना मी उगाचच म्हणालो, "नाटकासाठी हव्यात." दुकानदारीण म्हणाली, "असू द्यात की." तिला काही देणंघेणं नव्हतं.

पाकीट मिळताच सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. मी बाहेरच बसलो. लगेच बघायला जाणं बरं दिसलं नसतं. थोड्या वेळानं भाताचा वास आला म्हणून आत डोकावलो. सासूबाईंचं कपाळ मोकळंच होतं. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, पातेल्यातली शितं बोटांनी चेपून बघत होत्या. शीत मनासारखं लागताच गॅस बंद केला, लाल टिकली काढली आणि बदकाची चोच त्या वेळी जिथं होती, तिथं तबकडीवर चिकटवली.

मी दारातच खाली बसलो. हसू आलं आणि लाजही वाटली. सकाळपासून मनातल्या मनात सगळ्या गल्लीशी भांडायला निघालेला मी, आणि इथं बाईंना फक्त खुणा करायच्या होत्या.

पण खूण चुकली होती. त्यांनी चोच पार शेवटपर्यंत पिळून भात चढवला होता, आणि भात होईपर्यंत चोच थोडीच मागं आली होती. टिकली तिथं लागली. दुसऱ्या वेळी त्यांनी चोच टिकलीवर आणून सोडली. तिथून घंटेपर्यंतचं अंतर कितीतरी लांब. बदक आपलं संथपणे टिकटिकत राहिलं आणि त्याची घंटा वाजण्याआधी करपल्याचा वास घरभर झाला.

"सासूबाई, असं नाही," मी पुढं झालो. "ती जितकी चालली तितकं—"

"राव. नको."

त्या एका शब्दात इतकं काही होतं की मी मागं सरलो. त्यांनी करपलेलं पातेलं मोरीत ठेवलं आणि बदक घेऊन पाटावर बसल्या. चोच पिळायची, सोडायची, बघायचं. दुपारची झोप नाही, चहा नाही. मध्ये एकदा रडल्या, पदरानं डोळे पुसले आणि परत बदक हातात घेतलं. मग उठल्या आणि शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला.

सासूबाई सोनाराच्या लेक. मनगटाला दोरा गुंडाळून बांगडीचं माप घ्यायचं, तो दोरा ठरल्या जागी तोडायचा, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. पुन्हा भात चढवला. भात होईपर्यंत चोच जेवढी चालली होती, तेवढ्या वाटेवर त्यांनी तबकडीच्या कडेनं दोरा लावला आणि दातानं तोडला. मग तोच दोरा घंटेच्या खाचेपासून सुरू करून उलट्या बाजूला लावला. जिथं संपला, तिथं लाल टिकली.

मी नकाशांवरची नदी अशीच मोजतो. वळणावळणानं दोरा टाकायचा आणि मग तो सरळ पट्टीवर धरायचा. मला ते साहेबांनी शिकवलं होतं. त्यांना कुणीच शिकवलं नव्हतं. त्यांना मान वर करून बघायलाही सवड नव्हती, नाहीतर जावई आपल्याकडे किती कौतुकानं बघतोय हे त्यांना दिसलं असतं.

पुढचे दिवस जावई म्हणून माझे जे काही लाड झाले ते भाताचेच. टचटचीत भात, मऊ भात, लगदा भात. वरणाची हिरवी टिकली दोनदा सरकली. बटाट्याच्या भाजीची निळी लागली. उजवा हात थकला की त्या तो डाव्या हातानं उचलून ओट्यावर ठेवत, जरा थांबत, परत कामाला लावत.

शुक्रवारी सकाळी गवळी आला. मी दाढी करत होतो.

"आज किती घालू आजी?" त्यानं विचारलं.

सासूबाईंनी आत जाऊन पातेलं आणलं आणि त्याच्या आत, अर्ध्यावर, बोटानं रेघ ओढून दाखवली. गवळ्यानं तिथपर्यंत दूध घातलं आणि गेला.

माझ्या गालावरचा साबण वाळून गेला. जावई आहे, एक लिटर घाल, हे त्या बोटांनी सहज दाखवू शकल्या असत्या. एक बोट वर केलं की झालं. दुकानातले आकडे आठवले. एकेक टायमर खाली ठेवताना फिरवलेलं तोंड आठवलं. कुकरसमोर उभ्या राहून त्या दचकत होत्या ते आठवलं. शिट्ट्या ऐकू येत होत्या, पण किती झाल्या याचा हिशेबच लागत नव्हता. शब्दांबरोबर आकडेही गेले होते. आणि आम्ही सगळे, डॉक्टरांपासून श्रीरंगच्या मुलीपर्यंत, येता-जाता त्यांच्यापुढं घड्याळ नाचवत होतो, कॅलेंडर नाचवत होतो: "सांगा बघू, हा किती?" आकडे नसलेल्या बदकावर कुणी त्यांची परीक्षा घेऊ शकणार नव्हतं. म्हणून ते हवं होतं.

मी तोंड धुऊन स्वयंपाकघरात गेलो.

"सासूबाई, आकडे गेलेत ना?"

त्यांनी हातातलं काम थांबवलं. मग मान डोलावली.

"श्रीरंगला सांगू? त्याला कळलं तर तो असा वागणार नाही."

"नको."

"का पण? यात लपवण्यासारखं काय आहे?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, मग ओट्याकडे दाखवलं. आधी मी करून दाखवते, असा त्याचा अर्थ मी लावला. "बरं," मी म्हणालो. सासूबाईंनी मला न मागता चहा दिला.

रविवारी श्रीरंग आणि कल्याणी सकाळीच पोचली. वृंदाही आली होती. कल्याणी पाया पडली, सासूबाईंचा हात हातात घेऊन बसली, आणि मग संकोचत म्हणाली, "आई, मी तुमची बॅग भरून ठेवू का? गरज लागली नाही तर काढून ठेवू." सासूबाईंनी अडवलं नाही. कपाटाची किल्ली दिली आणि पदर खोचून ओट्यापाशी गेल्या. कल्याणीनं बॅग भरली, श्रीरंगनं ती नेऊन गाडीत ठेवली.

आत आल्यावर त्यानं बदक उचललं. "याच्यावर आकडे कुठंत?"

"नाहीत," मी म्हणालो.

"मग चालतं कसं?"

"बघ की."

त्यानं टिकल्यांवरून बोट फिरवलं आणि बदक खाली ठेवलं. सासूबाईंनी भात चढवला, चोच लाल टिकलीवर आणली आणि सोडली. आम्ही तिघं बाहेर, कल्याणी दारात. तिला आत जायची फार इच्छा होती, पण ठरल्याप्रमाणे कुणी हात लावायचा नव्हता. टिकटिक बाहेरपर्यंत ऐकू येत होती. सासूबाई ओट्यापाशी ओठ मिटून उभ्या होत्या.

"घर कसं गप्प वाटतं," श्रीरंग म्हणाला. "आई स्वयंपाक करायची तेव्हा तोंडानं सारखं चालू असायचं."

"हो ना," मी म्हणालो. "मी तर पहिल्यांदा आलो तेव्हा आमच्या घरी जाऊन सांगितलं होतं, सासूबाईंचं नामस्मरण अखंड चालू असतं म्हणून."

श्रीरंग हसला. किती दिवसांनी हसला असेल. "नामस्मरण कसलं अरविंदराव. पाढे असायचे ते. तिच्या लहानपणी आजोबांच्या दुकानात रोज संध्याकाळी सगळ्या पोरांकडून म्हणून घ्यायचे ना, तीच सवय. मला तिनंच शिकवले. कधी समोर बसवून 'म्हण' म्हणाली नाही. ती भाताशी उभी राहून म्हणायची, मी उंबऱ्यात बसून ऐकायचो. एकोणतिसाचा, निमकी, दिडकी. भात होईपर्यंत माझा पाढा पाठ—"

तो थांबला.

"काय झालं रे?" वृंदानं विचारलं.

"भात होईपर्यंत," तो पुन्हा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा आलात तेव्हा मी पुण्यात होतो. नोकरीला लागलो होतो. तेव्हाही ती म्हणतच होती?"

"रोज. प्रत्येक स्वयंपाकाला."

"मग ती कुणाला शिकवत होती?"

उत्तर त्याला मिळालं होतं. तो उठला आणि आत गेला. आम्ही त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेलो.

"आई," तो म्हणाला. "पाढ्यांवर भात लावायचीस तू. हो ना? ते घड्याळ होतं तुझं." सासूबाई त्याच्याकडे वळल्या. "ते गेले का? सगळे?"

सासूबाईंनी मान डोलावली.

"आणि कुकर? शिट्ट्या मोजता येत नव्हत्या?"

पुन्हा मान डोलली. श्रीरंगनं ओट्याला टेकून तोंडावरून हात फिरवला. "आणि मी म्हणालो तुला कळत नाही." मग एकदम लहान पोरासारखं विचारलं, "म्हणजे मला शिकवत नव्हतीस तू?"

सासूबाईंचे ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला. त्यासाठी त्यांनी ओट्याची कड धरली, जशी त्या दिवशी धरली होती.

"तू," त्या म्हणाल्या. पातेल्याकडे बोट केलं. "भात." मग मान जोरानं हलवून पुन्हा, "तू. भात."

त्याच वेळी बदकाची घंटा वाजली. सासूबाईंनी त्याला हातानं बाजूला सारलं, गॅस बंद केला आणि झाकण काढलं. वाफ वर गेली. एक शीत घेऊन चेपलं आणि ते श्रीरंगच्या पुढं धरलं. त्यानं बघितलं नाही, खाऊन टाकलं.

मग वरणाची घंटा, मग भाजीची. पोळ्या त्यांनी डाव्या हातानं लाटल्या. काही वाकड्या झाल्या, त्यांना कुणी काही म्हणालं नाही. जेवताना फारसं कुणी बोललं नाही. श्रीरंगनं भात तीनदा मागून घेतला. कल्याणी मात्र मनात ठेवणारी नव्हती आणि मला तिचं ते आवडतं.

"आई, आज आम्ही होतो," ती म्हणाली. "उद्या तुम्ही एकट्या असणार. मला तिकडं झोप लागणार नाही, खरंच सांगते."

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. श्रीरंग हात धुऊन अंगणात जाऊन उभा राहिला. वृंदानं माझ्याकडे बघितलं. दोघांनाही कळत नव्हतं की काय ठरलंय. स्वयंपाक नीट झाला होता, पण आईची बॅग गाडीत होती आणि श्रीरंगनं ती बाहेर काढली नव्हती.

ऊन कलल्यावर तो चपला घालून आत आला. सासूबाई बाहेरच्या खोलीत उभ्या होत्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला, तोंड उघडलं, परत मिटलं. मला वाटतं, त्याला 'चल' म्हणायचं होतं आणि त्याच्यानं ते होत नव्हतं.

सासूबाई त्याला ओलांडून दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. डाव्या हातानं चौकट धरली. कल्याणीच्या डोक्यावर हात ठेवला. मग श्रीरंगकडे वळल्या आणि शब्द शोधायला लागल्या. आम्ही सगळे थांबलो. श्रीरंगनं मदत करायला म्हणून ओठ हलवले, तशी त्यांनी त्याला हातानं थांबवलं. चेहरा लाल झाला, मानेची शीर ताठली. आजारपणानंतर हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

"ये," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत. जो घरात राहणार असतो तो दारात उभा राहून 'ये' म्हणतो, आणि निघालेला 'येतो' म्हणतो. श्रीरंग आईकडे बघत राहिला. वृंदानं माझा दंड घट्ट धरला होता.

"येतो, आई," तो म्हणाला.

मग पायऱ्या उतरून तो गाडीपाशी गेला, डिकी उघडली आणि बॅग काढून आणून उंबऱ्याच्या आत ठेवली.